'वा, सुंदर!' लिहिण्याआधी

एका पुस्तकाच्या मलपृष्ठावर माझ्या नावानिशी एक वाक्य छापलेलं आहे: "वा, सुंदर! प्रत्येकानं वाचावं असं." वाक्य माझंच आहे. फक्त ते लिहिलं तेव्हा मी ते पुस्तक उघडलंही नव्हतं. एका जुन्या मैत्रिणीनं मुखपृष्ठाचा फोटो टाकला होता. मी दोन कामांच्या मधे फोन चाळत बसले होते. फोटोखाली पन्नासेक अभिनंदनं दिसली, त्यात आपलंही असावं म्हणून टाकलं. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तिनं विचारलं, "तुझी ती कमेंट मागे छापू का गं?" मी म्हटलं, "अगं छाप की, विचारतेस काय!"

काही महिन्यांनी एका अनोळखी वाचकाचा निरोप आला. "तुमचं नाव पाहून पुस्तक घेतलं. चाळीस पानांच्या पुढे जाववलं नाही. तुम्हाला यात नेमकं काय आवडलं ते सांगाल का?"

प्रश्न खवचट नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी पुस्तक वाचायला घेतलं. बराचसा भाग मलाही जड गेला, पण सातव्या कथेत दोन बहिणी वडिलांच्या माघारी त्यांचे जुने चष्मे वाटून घेतात, तो प्रसंग अगदी उतरला होता. आधी वाचलं असतं तर तेवढंच लिहिलं असतं. मैत्रीण जास्त खूश झाली असती आणि त्या वाचकाला मला तोंडही दाखवता आलं असतं.

मी अठरा वर्षं लिहून पोट भरते. कथा, अनुवाद, सदरं, दुसऱ्यांच्या नावानं लिहिलेली भाषणं, सगळं केलंय. नवे लिहिणारे मला हटकून एक गोष्ट विचारतात: ऑनलाइन खरं बोललं तर उद्धट ठरतो, गोड बोललं तर खोटे ठरतो, मग करायचं काय? या दोन्ही दुखण्यांवर मला एकच औषध लागू पडलंय. मोघम लिहायचं नाही. ते कुठे कसं वापरायचं ते सांगते, माझ्या फजित्यांसकट.

कौतुक

आधी वाचा. हे सांगावं लागतं, कारण मीच वाचलं नव्हतं. वाचताना एक गोष्ट शोधा, एकच: एखादं वाक्य, एखादं पात्र, एखादा संवाद, अगदी प्रकरणांची रचनासुद्धा चालेल. मग फक्त त्याबद्दल लिहा. "चष्म्यांचा प्रसंग वाचून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले" हे एवढं पुरतं. "अप्रतिम", "निःशब्द", "काय लिहिलंय!" हे शब्द हात आपोआप टंकतो. हात थांबला नाही तर वाक्य पूर्ण होऊ द्या, मग ते शब्द खोडा आणि मागे काय उरतं ते बघा. काही उरलं नाही, तर अजून सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही असं समजा.

पुस्तक वाचलेलं नसेल, किंवा वाचूनही काही सापडलं नसेल, तर घटनेचं अभिनंदन करा. पुस्तक पूर्ण होणं, छापून येणं ही चार-पाच वर्षांची मेहनत असते आणि तिचं अभिनंदन करण्यात खोटं काहीच नाही. "पुस्तक आलं! इतकी वर्षं धरून ठेवलंस, अभिनंदन." इथे थांबायचं. पुढे "वाचून नक्की कळवते" जोडायचं नाही. तो शब्द दिला की पाळावा लागतो, आणि पाळला नाही तर समोरचा माणूस तारीख धरून लक्षात ठेवतो. मीही ठेवलीय.

आवडलं नाही हे जवळच्या माणसाला सांगायचंच असेल तर फोनवर सांगा, तेही त्यानं विचारल्यावर. चारचौघांत "छान आहे, पण शेवट जरा..." असं लिहिलं की कुणी छानकडे बघत नाही, सगळे 'पण'च्या भोवती जमतात.

वाईट परीक्षण आलं की

ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच करून घेतलंय.

माझ्या दुसऱ्या कादंबरीवर एका मुलीनं लिहिलं. कॉलेजात शिकणारी असावी. चांगलं लिहिलं होतं खरं तर. तिचा मुद्दा असा की पहिला अर्धा भाग वेगानं जातो आणि दुसरा रेंगाळतो. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी चारशे बारा शब्दांचं उत्तर लिहिलं. शब्द नंतर मोजले, शिक्षा म्हणून. त्यात तो संथपणा जाणूनबुजून कसा ठेवलाय हे समजावलं होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं: "सलग वाचायची सवय सुटलेल्या वाचकांना हे जड जाणं स्वाभाविक आहे."

सकाळी उठून पाहते तर माझे वाचक तिच्यावर तुटून पडलेले. मला फॉलो करणारे काही हजार, तिला तीस-पस्तीस. कुणी तिचं वय काढलं, कुणी शुद्धलेखन काढलं. मी माझं उत्तर गुपचूप पुसलं. ते अजून चुकलं, कारण कुणीतरी स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता आणि आता "लिहिलं आणि पळून गेल्या" असा दुसरा अंक सुरू झाला.

मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ साली ऑनलाइन माणसांचा लगाम का सुटतो यावर एक लेख लिहिला होता. समोरचा दिसत नाही, त्याचं उत्तर लगेच येत नाही, आणि वाचताना त्याचा आवाजही आपण आपल्याच डोक्यात तयार करतो, अशी काही कारणं त्यांनी मांडली होती. तिसरं मला फार पटतं. त्या मुलीचा जो आवाज माझ्या डोक्यात बोलत होता तो कुत्सित होता. तिचा खरा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

आणि गप्प बसवायला गेलं की गोष्ट पसरते, याचं नामांकित उदाहरण गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांचं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या हजारो हवाई छायाचित्रांत एकावर त्यांचं घर दिसत होतं, म्हणून २००३ साली त्यांनी खटला भरला. खटल्याआधी ते छायाचित्र सहा वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातलं दोनदा तर त्यांच्याच वकिलांकडून. खटल्याची बातमी फुटली आणि पुढच्या महिन्याभरात ते छायाचित्र असलेल्या संकेतस्थळावर चार लाखांहून जास्त लोक येऊन गेले. खटलाही त्या हरल्या. दोन वर्षांनी ब्लॉगर माइक मॅझनिक यांनी या प्रकाराला 'स्ट्रायसँड इफेक्ट' असं नावच देऊन टाकलं.

तेव्हा परीक्षणाला उत्तर द्यायचं नाही. चांगल्याला नाही, वाईटाला तर नाहीच. परीक्षण हे वाचकांचं आपापसातलं बोलणं असतं आणि लेखक मधे टपकला की ते अवघडतात. अपवाद दोनच. वस्तुस्थिती चुकली असेल, म्हणजे अनुवादकाचं नाव किंवा प्रकाशनाचं वर्ष, तर एका ओळीत दुरुस्ती कळवा आणि निघा. आणि थेट तुम्हालाच प्रश्न विचारला असेल तर प्रश्नापुरतं उत्तर द्या.

पण चिडून लिहायची ऊर्मी तर येतेच. तिच्यासाठी माझ्या फोनवर "राग" नावाची नोंदवही आहे. उत्तर तिथे लिहायचं, कमेंटच्या चौकटीत कधीच नाही, कारण त्या चौकटीखाली निळं बटण असतं आणि अंगठा आगाऊ असतो. आतापर्यंत तिथे एकसष्ट उत्तरं जमली आहेत. पाठवली दोन. दोन्ही दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि मूळच्या चौथ्या हिश्श्याएवढी करून. उरलेली एकोणसाठ अधूनमधून वाचते, करमणूक होते. एक-दोन तर उत्तम ललित लेख आहेत.

माफी मागताना

त्या मुलीची माफी मागायला मला तीन दिवस लागले. पहिला खर्डा असा: "माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे." मोठ्या बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "'असतील तर' काय? दुखावल्यात की नाही ते तुला माहीत नाही होय?"

शेवटी जे लिहिलं ते असं: "तुमच्या परीक्षणाखाली मी जे उत्तर लिहिलं त्यात तुमच्या वाचनाच्या सवयीवर शेरा होता. तो अपमानकारक होता. त्या उत्तरामुळे तुम्हाला अनेकांची बोलणी खावी लागली, त्याला मी जबाबदार आहे. ते उत्तर मी काही न सांगता पुसलं, तेही चुकलं. माझ्या पानावर मी हे सगळं लिहिलं आहे आणि तुमच्याशी वाद घालू नका असं माझ्या वाचकांना सांगितलं आहे. तुम्ही याला उत्तर द्यावं अशी अपेक्षा नाही."

यात काय आहे ते बघा. नक्की कोणती गोष्ट चुकली, तिचा परिणाम काय झाला, निस्तरण्यासाठी काय केलं. आणि काय नाही तेही बघा: मी दमले होते, झोप झाली नव्हती, मनात तसं काही नव्हतं. ही कारणं खरी होती, पण ती माझ्या बहिणीसाठी होती. शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माफी मागून समोरच्यावर मोठ्या मनाचं ओझं टाकायचं नसतं. आणि चूक जिथे केली तिथेच माफी मागायची. चव्हाट्यावर अपमान आणि कानात माफी, हा हिशेब जुळत नाही.

चुकलेलं पुसायचं असेल तर आधी लिहा, मग पुसा. किरकोळ दुरुस्ती असेल तरी "तारीख चुकली होती, बदलली आहे" असं खाली जोडा. फेसबुकवर संपादनाचा इतिहास कुणालाही उघडून बघता येतो, लपवून उपयोग नाही. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमध्ये जाऊन तीस सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आजच वाढवून घ्या. व्हॉट्सॲपवर निरोप दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात. तीस सेकंदांनी माझी दोन कामं वाचवलीत.

टोमणे

२००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विधानं गंभीरपणे आणि काही उपरोधानं सांगायची होती, काहींनी ईमेलवर, काहींनी बोलून. सांगणाऱ्यांना वाटलं होतं की समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. बोलण्यातून ७३ टक्के कळलं. ईमेलमधून ५६. नाणं उडवूनही ५० मिळाले असते.

म्हणजे तिरकस लिहिण्यात आपला हातखंडा आहे असं आपल्याला वाटतं, ते जवळजवळ अर्ध्या लोकांपर्यंत पोचतच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला तोही याच कारणानं: सहकाऱ्यांना विनोद विनोद म्हणून कळेना. लेखक मंडळींना हसरे चेहरे वापरायची लाज वाटते. मला आता वाटत नाही. अनोळखी माणसाशी उपरोधानं बोलायचं तर चेहरा टाका, नाहीतर सरळ बोला.

खरा धोका वेगळ्या टोमण्याचा असतो. "काही लोकांना आपण किती मोठे झालो असं वाटतं..." या जातीच्या पोस्टचा. एका संस्थेनं माझं मानधन आठ महिने अडकवलं होतं. मी वैतागून लिहिलं, "शब्दांवर जगणाऱ्या काहींना दिलेल्या शब्दाची किंमत नसते." नाव घेतलं नाही, म्हणजे आपण सभ्य, अशी समजूत. संध्याकाळपर्यंत तिघांचे फोन आले: "ताई, हे माझ्याबद्दल आहे का?" एकानं तर दोन वर्षांपूर्वी उशिरा परत केलेल्या पुस्तकाबद्दल सविस्तर खुलासा केला. आणि ज्यांच्याबद्दल होती त्यांनी पोस्टवर बदाम टाकला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मेल लिहिली. काम कोणतं, कधी पूर्ण केलं, बिलाचा क्रमांक, ठरलेली मुदत, आणि "कोणत्या तारखेला पैसे जमा होतील ते कळवा" एवढा प्रश्न. विशेषण एकही नाही. बारा दिवसांत पैसे आले. तक्रार जाहीरपणे करायची वेळ येतच नाही असं मी म्हणत नाही, कधीकधी तेवढाच मार्ग उरतो. पण तेव्हाही तारखा आणि कागद घेऊन उभं राहा. सुभाषितं नकोत.

इनबॉक्स

"मॅडम, माझी कादंबरी पाठवत आहे, वाचून अभिप्राय द्यावा." सोबत तीनशे वीस पानं.

मी एकदा "हो, वाचते नक्की, सध्या जरा गडबडीत आहे" असं लिहिलं होतं. तो मुलगा चौदा महिने थांबला. दर दोन महिन्यांनी "आठवण करून देतो, घाई नाही" असा निरोप यायचा. त्याच्या सभ्यपणानं मला अपराधी वाटायचं, अपराधी वाटलं की मी उत्तर टाळायचे. शेवटी त्यानं लिहिलं, "कादंबरी पूर्ण बदलली आहे, आता वाचली नाहीत तरी चालेल." मी गोड राहण्याच्या नादात त्याचं सव्वा वर्ष टांगून ठेवलं होतं.

आता दोन दिवसांत उत्तर देते. "तुम्ही विश्वासानं पाठवलंत, आनंद वाटला. अप्रकाशित लेखन मी वाचत नाही. एक तर वेळ पुरत नाही, आणि पुढेमागे माझ्या लिखाणात तसंच काही आलं तर दोघांनाही अवघड होईल. म्हणून फाईल न उघडता पुसते आहे." दुसरं कारण नुसता बहाणा नाही, कल्पना उचलल्याच्या आरोपाच्या भीतीनं अनेक व्यावसायिक लेखक हाच नियम पाळतात. हा मजकूर मी साठवून ठेवलाय, पण पहिली ओळ प्रत्येक वेळी नव्यानं लिहिते, त्यांच्या पत्रातलं काहीतरी धरून. तेवढं केलं नाही तर तो साचा आहे हे दोन्हीकडच्यांना कळतं.

अनोळखी माणसाशी "तुम्ही"नंच बोला, त्यानं अरे-तुरे केलं तरी. वाद तापला की सर्वनाम आधी घसरतं, मग आपण.

शिव्या देणाऱ्यांशी काही बोलायचं नाही. ब्लॉक करा. त्याची घोषणाही करू नका.

स्वतःच्या पुस्तकाबद्दल

इथे लोक उगाच खोटी नम्रता आणतात. "माझ्यासारख्या सामान्य लेखिकेचा हा तोडकामोडका प्रयत्न गोड मानून घ्यावा." तोडकामोडका असेल तर छापला कशाला? पुस्तक कशाबद्दल आहे, किती पानांचं आहे, कुठे मिळेल, कुणाला आवडू शकेल आणि कुणाला नाही, हे सांगा. मी शेवटचं आवर्जून लिहिते: "वेगवान कथानक हवं असेल तर हे पुस्तक टाळा." विक्री कमी झाल्याचं जाणवलं नाही, चिडलेली पत्रं मात्र कमी झाली.

पुस्तक भेट मिळालं असेल तर तसं लिहा. लेखक मित्र असेल तर तेही. आणि स्वतःच्या पुस्तकाला टोपणनावानं तारे देण्याच्या फंदात पडू नका. हा मोह जुना आहे. कवी वॉल्ट व्हिटमन यांनी १८५५ साली आपल्याच कवितासंग्रहाची निनावी परीक्षणं लिहून घेतली होती, म्हणजे स्वतःच. पण त्यांच्या काळात सर्व्हर नव्हते. २००४ साली ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर एका तांत्रिक चुकीनं निनावी परीक्षकांची खरी नावं दिसू लागली, आणि काही लेखक स्वतःचीच पाठ थोपटताना सापडले. आता तर घरच्यांनी किंवा जिवलग मित्रांनी परीक्षण लिहिणंही ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही. माझ्या बहिणीनं लिहिलेलं एक मी तिला काढायला लावलं. पाच तारे होते आणि "लहानपणापासूनच हुशार" असं वाक्य होतं.

जे लिहीत नाही

खरं राहायचं म्हणजे सगळं दाखवायचं, असा एक समज आहे. मी घरच्यांच्या आजारपणांबद्दल लिहीत नाही, ती त्यांची गोष्ट आहे. कुणाच्या खासगी निरोपाचा स्क्रीनशॉट टाकत नाही, निरोप मूर्खपणाचा असला तरी, आणि असे असतात. ज्यांची भाषणं लिहिते त्यांची नावं सांगत नाही, टाळ्या पडलेलं वाक्य माझं असलं तरी. हे शेवटचं अजून जड जातं.

कुणी गेलं की लगेच त्यांच्यासोबतचा आपला फोटो टाकत नाही. एक दिवस थांबते. मग त्यांनी लिहिलेलं किंवा केलेलं एखादं काम सांगते, आणि मजकुरात "मी" किती वेळा आला ते मोजते. तीनपेक्षा जास्त झाला तर परत लिहिते.

ती परीक्षण लिहिणारी मुलगी. माझ्या माफीला तिचं उत्तर आलं नाही, मीही अपेक्षा ठेवली नव्हती. दीड वर्षानं अचानक तिचा निरोप आला: "कादंबरी परत वाचली. या वेळी शांतपणे, सलग. दुसरा भाग अजूनही रेंगाळतो."

मी "राग" उघडली. थोडं लिहिलंसुद्धा. मग परत तिच्या निरोपाकडे आले आणि विचारलं, "कोणत्या पानापासून?"

तिनं लगेच कळवलं. "१४३."

पान उघडून बघितलं. १४१ पासूनच रेंगाळत होतं.